रांगेतली विश्रांती

ते प्रकरण आठवले की आजही माझ्या तळहातांना घाम फुटतो. तेव्हा तो उत्साहाने फुटला होता. आता त्यात शरमही आहे.

टोकियोलगतच्या एका जिल्ह्यात मी पोलीस खात्यात सव्वीस वर्षे काढली आणि गेल्या वर्षी, मुदतीआधीच, निवृत्ती घेतली. वडील साताऱ्याचे, आई ओसाकाची. घरात वडिलांशी मराठी आणि आईशी जपानी बोलत वाढलो. कॉलेजात असताना जपानी नागरिकत्व घेतले आणि पोलीस भरतीची परीक्षा दिली. खात्यात माझ्यासारखा मी एकटाच. ग्योतोकु भागात भारतीय कुटुंबे वाढू लागली तशी माझी मराठी आणि मोडकी हिंदी कामाला येऊ लागली. हरवलेला पासपोर्ट असो, चोरीला गेलेली सायकल असो, की चुकीच्या दिवशी कचरा बाहेर ठेवला म्हणून शेजाऱ्याशी झालेले भांडण असो, मला बोलावणे यायचे. याचा मला फार अभिमान होता.

ऑक्टोबरमधली दुपार होती. अडीचच्या सुमारास समुद्राकाठच्या गोदामांच्या पट्ट्यात एका दहा टनी ट्रकने झेब्रा क्रॉसिंगवर सायकलस्वाराला उडवले. सायकलस्वार चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, आणि सिग्नल त्यांच्या बाजूने हिरवा. कमरेचे हाड मोडले, जीव वाचला. रस्त्यावर टायर घासल्याची खूण धडकेच्या जागेच्या पुढे सुरू होत होती. धडकेच्या आधी ब्रेक लागलाच नव्हता. याचा अर्थ कोणताही वाहतूक पोलीस एका नजरेत सांगेल: चालकाचे डोळे मिटलेले होते.

चालक पळाला नव्हता. आपले जॅकेट काढून त्याने त्या आजोबांच्या डोक्याखाली ठेवले होते आणि शेजारी डांबरावर बसून तो जपानीत पुन्हा पुन्हा माफी मागत होता. त्याला जागेवरच अटक झाली. त्याचे नाव वाचून शिपायाने मला फोन केला. "तुमच्याकडचा दिसतोय," तो म्हणाला.

माणूस लातूरकडचा, बेचाळीस वर्षांचा. एकोणीस वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायला आला, इथेच लग्न केले, मग अवजड वाहनाचा परवाना काढून ट्रक चालवू लागला. बायको जपानी, मुलगी शाळेत. त्याचे जपानी रोजच्या कामापुरते चांगले होते, पण ठाण्यात आल्यावर त्याच्या तोंडून ते फुटेना. मी मराठीत "आधी पाणी घ्या" एवढेच म्हणालो आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला.

नियमाप्रमाणे यादीवरच्या दुभाष्याला बोलवायला हवे होते. मराठीसाठी यादीत एकच बाई होत्या. त्या त्सुकुबाला राहायच्या आणि दोन दिवसांनी सकाळी येऊ शकत होत्या. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "दुभाषा कशाला हवा? तुला येतं ना? घे लिहून."

मी नाही म्हणायला हवे होते. मी खुर्ची पुढे ओढली.

पुढचे समजण्यासाठी त्या ट्रकमधल्या एका यंत्राची ओळख करून द्यायला हवी. चालक त्याला 'देजिताको' म्हणतात. वेग, अंतर आणि वेळ यांची नोंद ते आपोआप करते. पण थांबलेली गाडी कशासाठी थांबली आहे, हे त्याला कळत नाही. ते चालकाने बटण दाबून सांगायचे असते. माल भरणे, माल उतरवणे, ताटकळत थांबणे आणि विश्रांती, अशी वेगवेगळी बटणे असतात. विश्रांतीच्या बटणावर 'क्युकेई' असे लिहिलेले असते. ताटकळण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जातो, क्युकेईचा धरला जात नाही.

आमचे बोलणे असे झाले.

"सकाळी किती वाजता निघालात?"

"पाचला, साहेब. त्सुकुबाच्या पलीकडनं."

"गोदामावर?"

"अकरा चाळीसला. तिथं रांग. मग काय, तिथं मी क्युकेई मारला."

"किती वेळ?"

"दीड तासाच्या वर गेला असेल."

"मग?"

"माल भरला, निघालो. आणि डोळा लागला, साहेब. कसा लागला, कळलंच नाही. बरे आहेत ना ते आजोबा?"

मी जबाबात जपानीत लिहिले, 'गोदामावर पोचल्यानंतर मी दीड तासाहून अधिक विश्रांती घेतली.' कंपनीने तोपर्यंत यंत्राच्या नोंदींचा दिवसभराचा गोषवारा पाठवला होता. त्यातही अकरा चाळीसपासून पावणेदोन तास क्युकेईची निळी पट्टी होती. मेळ चोख बसला. जबाब वाचून दाखवणे बंधनकारक असते, म्हणून मी तो वाचून दाखवला, पण जपानीत आणि भराभर. तो प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" म्हणत गेला. जपानीत 'हाय' म्हणजे हो. पण 'ऐकतोय' म्हणायलाही लोक 'हाय'च म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. त्याने अंगठा उमटवला आणि मी फाईल बंद केली.

त्या एका वाक्याचा परिणाम सरळ होता. पुरेशी विश्रांती मिळूनही चालक झोपला, म्हणजे दोष सगळा त्याचा आणि कंपनी मोकळी. परवाना जाणार, तुरुंगाची शक्यता मोठी, आणि तुरुंगवास झाला तर या देशात राहण्याच्या परवानगीवरही गदा. अटकेपासून अठ्ठेचाळीस तासांत आरोपी आणि कागद सरकारी वकिलाकडे गेले पाहिजेत. आमची तयारी पहिल्या संध्याकाळीच पूर्ण झाली होती. प्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीच्या तक्त्यावर शिक्का मारला आणि चहा ओतून घेतला, तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज, दबका पण चिडलेला.

"कालचा तो विदेशी ड्रायव्हर. त्याने दीड तास विश्रांती घेतली म्हणे. कंपनीचा माणूस टीव्हीवर सांगत होता. साफ खोटं आहे."

"आपण कोण?"

"नाव नका विचारू. गोदामाच्या फाटकावर आरुबाईतो करते, तासांवरचं काम. गाड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या देते."

"त्याने विश्रांती घेतली नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

"केजी-सान," ती म्हणाली. तपास करणाऱ्या पोलिसाला इथे अशीच हाक मारतात. "तुम्ही कधी आमच्या रांगेत उभे राहिलायत? पुढची गाडी आत गेली की मागच्यांनी सरकायचं. जो झोपतो त्याच्यामागचे हॉर्न वाजवतात, मग मी जाऊन काच ठोकते. रोज दहा-बारा काचा ठोकते मी. काल त्याची काच ठोकावी लागली नाही. तो जागा होता. मला म्हणाला, 'आज मुलीच्या शाळेत गाण्याची स्पर्धा आहे, शेवटचं गाणं तरी ऐकायला मिळेल का?' मी म्हटलं, 'अजून चौदा गाड्या आहेत.'"

फोन ठेवला गेला. मी माझी टिपणवही काढली. जबाब घेताना कानावर पडेल तो मूळ शब्द टिपून ठेवायची मला सवय होती. पानावर माझ्याच अक्षरात होते: 'क्युकेई मारला.'

तो 'घेतला' म्हणाला नव्हता. 'केला'ही म्हणाला नव्हता. मारला!

माझे वडील रविवारी जेवण झाले की "जरा डुलकी मारतो" म्हणायचे. माझ्या कानात मारणे बसले होते ते त्या अर्थाने. पण दहा मिनिटांपूर्वी मी स्वतः काय केले होते? शिक्का मारला होता. माणसे बटण मारतात, ब्रेक मारतात, सही मारतात. त्या माणसाने मला सांगितले होते की त्याने क्युकेईचे बटण दाबले. आणि मी लिहिले होते की त्याने विश्रांती घेतली.

चहा तसाच टाकून मी जिन्याकडे पळालो. पंधरा-वीस वर्षांत मी ठाण्यात पळालो नव्हतो. आठवून सांगतो, भीती वगैरे काही वाटली नाही. माग लागलेल्या कुत्र्याला जे वाटत असेल ते वाटत होते.

ट्रकमधले मूळ नोंदींचे कार्ड आम्ही पहिल्याच दिवशी जप्त केले होते. ते पाकिटात बंद होऊन कपाटात पडले होते. जबाब आणि गोषवारा जुळत असल्यामुळे ते उघडायची गरज कोणाला वाटली नव्हती, म्हणजे मलाच वाटली नव्हती. नोंदींचे विश्लेषण करणारी आमची सहकारी तिसऱ्या मजल्यावर बसायची. पस्तिशीची, हुशार आणि तोंडाने फटकळ. मी पाकीट तिच्यापुढे ठेवले.

"गोषवारा आहे ना? मग हे कशाला?"

"सेकंदासेकंदाचा वेग बघायचाय. अकरा चाळीसपासून."

"क्युकेईतला वेग? तो शून्य असतो. त्यालाच विश्रांती म्हणतात."

"बघ तर."

तिने कार्ड लावले. पडद्यावर निळी पट्टी आली, गोषवाऱ्यातल्यासारखीच. तिने ती ताणून मोठी केली, आणखी मोठी केली, आणि तिचे हात थांबले. पट्टीच्या खाली वेगाची रेघ होती, आणि ती सपाट नव्हती. थोड्या थोड्या अंतरावर एक बारीक उंचवटा. मग दुसरा. मग तिसरा.

"हा माणूस झोपेत चालतो की काय?" ती म्हणाली.

आम्ही मोजत गेलो. एकवीस उंचवटे! प्रत्येक वेळी गाडी बारा-तेरा मीटर पुढे गेली होती. म्हणजे एका ट्रकची लांबी. वेग इतका कमी की यंत्र आपणहून 'चालू' स्थितीत जात नव्हते आणि बटणाची नोंद क्युकेईवरच राहत होती. दोन उंचवट्यांमधला सगळ्यात मोठा अवधी नऊ मिनिटांचा. फाटकावरच्या त्या बाईचे शब्द समोर रेघ होऊन उमटले होते. मी टेबलावर हात आपटला. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "छापते. रंगीत छापते!"

आता प्रश्न असा होता की ते बटण चालकाने मनाने दाबले की कोणी दाबायला लावले. मी कंपनीच्या गाड्यांचे नियोजन करणाऱ्या व्यवस्थापकाला बोलावून घेतले. दुपारी दोन वाजता तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात जाड फाईल. महिन्याभराचे सगळ्या चालकांचे गोषवारे त्याने स्वतःहून आणले होते. आपण नियम किती काटेकोर पाळतो हे त्याला दाखवायचे होते. माझा एक अनुभव सांगतो. न मागता कागद आणणाऱ्या माणसाचे कागद नीट वाचावेत.

मी अर्धा तास पाने उलटत राहिलो. तो तीनदा म्हणाला, "विश्रांतीच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत."

"दिसतंय," मी म्हणालो. "या गोदामावर तुमचे किती चालक जातात?"

"अकरा."

"अकराच्या अकरा जण फाटकाशी आले की दोन मिनिटांत दमतात. एकही जण फाटकाच्या आधी दमत नाही, नंतर दमत नाही. आणि कोणालाच कधी ताटकळावं लागत नाही. एवढी चांगली हवा आहे का त्या फाटकाशी?"

तो हसला. मीही हसलो. मग मी रंगीत कागद त्याच्यापुढे सरकवला आणि उंचवट्यांवर एकेक करून पेन ठेवत गेलो. सातव्या उंचवट्यावर त्याचे हसू गेले. बाराव्यावर त्याने चष्मा काढला.

"ताटकळणं नोंदवलं की कामाचे तास भरतात," तो शेवटी म्हणाला. "तास भरले की गाडी उभी करावी लागते. नवीन नियम तुम्हाला माहीतच आहेत. गाडी उभी राहिली की गोदामवाले दुसऱ्या कंपनीला बोलावतात. मी तरी काय करू, केजी-सान?"

"चालकांना तुम्ही काय सांगत होता? नेमके शब्द सांगा."

"क्युकेई ओशितोके."

क्युकेई दाबून ठेव. लातूरच्या माणसाने त्याचे अगदी अचूक मराठी केले होते.

मी धावतच प्रमुखांच्या खोलीत गेलो. त्यांनी कागद पाहिले, व्यवस्थापकाचा जबाब वाचला, आणि उठून उभे राहिले. जागा सोडून उठणारा माणूस नव्हे तो. कंपनीवर थकलेल्या माणसाकडून गाडी चालवून घेतल्याचा गुन्हा लावता येणार होता. सगळा विभाग भोवती जमला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हे तुला सुचलं कसं?" प्रमुखांनी विचारले.

मी म्हणालो, "अनुभव."

इथे मला कबूल केले पाहिजे की सकाळपासूनची माझी धावपळ निव्वळ सत्यासाठी नव्हती. यंत्रानेच खरे काय ते सांगितले तर माझा चुकलेला शब्द कोणाला दाखवावा लागणार नाही, हा हिशेब जिना चढतानाच माझ्या मनात झाला होता. त्या सबंध दिवसात मी तळमजल्यावरच्या कोठडीत जाऊन त्या माणसाला एक शब्दही सांगितला नव्हता. पाच मिनिटांचे काम होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्सुकुबाच्या दुभाषी बाई आल्या. साठीच्या, केसांत पांढरी बट, अतिशय शांत. नव्या जबाबाला सुरुवात झाली. चालकाने पुन्हा तेच वाक्य उच्चारले, "तिथं मी क्युकेई मारला." बाईंनी क्षणाचाही विचार न करता जपानीत सांगितले, "तिथे मी विश्रांतीचं बटण दाबलं." मग त्यांनी पहिला जबाब उचलून वाचला आणि माझ्याकडे पाहिले.

"हे परवासुद्धा असंच म्हणाले होते ना?" त्यांनी मराठीत विचारले.

खोटे बोलायला जागा उरली नव्हती. मी चालकाकडे वळलो. "तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मी चुकीचं लिहिलं. तुम्ही विश्रांती घेतली, असं लिहिलं."

तो रागावेल, ओरडेल अशी माझी अपेक्षा होती.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो ना तिथं?" त्याने विचारले.

"नाही."

"नक्की ना साहेब? तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हा ते 'विश्रांती घेतली' कानावर आलं होतं. म्हटलं, साहेब मराठी माणूस, शिकलेला, तो लिहितोय म्हणजे घेतलीच असणार. दोन दिवस आत बसून तेच आठवायला लागलो. रांगेत डोळे मिटले होते, सीट मागं केली होती, सगळं दिसायला लागलं मला. म्हटलं, एवढं झोपूनसुद्धा मी त्या म्हाताऱ्याला उडवलं. मग मी माणूस तरी आहे का?"

दुभाषी बाईंनी हे भाषांतरित केले नाही. लिहून घ्यायला समोर मीच होतो आणि मला ते कळले होते.

"अपघात माझाच आहे," तो पुढे म्हणाला. "ते मी नाकारत नाही. दमलो होतो तर थांबायला पाहिजे होतं. पण झोपून उठून केलेला नाही ना?"

"नाही," मी पुन्हा म्हणालो.

मी माझ्या चुकीचा वेगळा अहवाल लिहून प्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचून खणात टाकला. "कंपनीचा वकील याचाच फायदा घेईल. सगळं प्रकरण ढिलं पडेल. एवढंच लिही की चालकाने नंतर आपला जबाब दुरुस्त केला. खोटं काय आहे त्यात?" ते बोलत होते ते मला पटले असे नाही. पण मला सुटका हवी होती. मी तसे लिहिले आणि सही केली.

प्रकरण उभे राहिले. व्यवस्थापकाला शिक्षा झाली, कंपनीच्या गाड्या काही काळ बंद राहिल्या. चालकाला झालेली शिक्षा स्थगित राहिली, तो तुरुंगात गेला नाही. परवाना मात्र गेला. ते आजोबा काठी घेऊन चालू लागले. खात्यात हे प्रकरण माझ्या नावावर जमा आहे, आणि मूळ नोंदी का तपासाव्यात हे नव्या लोकांना शिकवताना ते सांगितले जाते.

पण व्यवस्थापकाच्या खटल्यात तो चालक साक्ष द्यायला उभा होता आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो. बचावाचा वकील म्हणाला, "हा साक्षीदार एक दिवस म्हणतो विश्रांती घेतली, दोन दिवसांनी म्हणतो घेतली नाही. याच्या शब्दाला किती किंमत द्यायची?" चालकाने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. उत्तर त्याला माहीत होते. त्याने ते दिले नाही. "माझं जपानी कच्चं आहे," एवढेच तो म्हणाला. मला वाचवायला त्याने कमीपणा स्वतःकडे घेतला, आणि मी बाकावर बसून राहिलो.

या प्रकरणाने काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात तेव्हा मी इतकी वर्षे यंत्राबद्दल बोलत आलो. यंत्र गाडीचा वेग टिपते, माणसाचे बोट कोणी दाबायला लावले हे टिपत नाही, वगैरे. ते खरेच आहे. पण मी शिकलो ते वेगळे. ज्या माणसाची भाषा आपल्याला येते, त्याचे आपण नीट ऐकत नाही. परक्या भाषेतला माणूस असता तर मी दहादा विचारले असते, "म्हणजे नेमके काय केलेत?" हा आपला, म्हणून मी एकदाही विचारले नाही. आणि मी आपला, म्हणून त्याने माझ्या लिहिण्यावर स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास ठेवला.

निवृत्तीनंतर मी पहिले काम केले ते हे की घडले तसे सगळे जपानीत लिहून त्याच्या वकिलाकडे पाठवले. त्याने शिक्षेत काही फरक पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचा अजून काही निरोप नाही, आणि तो यावा असा माझा हक्कही नाही. मराठीत लिहितो आहे, कारण तो मराठी वाचतो आणि त्याच्या ओळखीचे लोकही वाचतात. कोर्टाच्या कागदात त्या चालकाने जबाब बदलल्याचे लिहिलेले आहे. त्याने जबाब बदलला नव्हता.